चिवडा या नावानं लिहिणारा श्रीरंग

आमच्या औषधाच्या प्लँटमध्ये आत शिरताना फोन लॉकरमध्ये ठेवावा लागतो. त्या सोमवारी सकाळी चहाच्या सुट्टीत बाहेर आलो, डोक्यावरची जाळी काढली, बुटांवरची आवरणं काढली आणि फोन हातात घेतला, तर मृदुलाचे सात मिस्ड कॉल. मृदुला म्हणजे माझ्या मित्राची, श्रीरंगची बायको. एरवी ती मेसेज पाठवते, तोही तीन शब्दांचा. लॉकरपाशी उभ्या उभ्याच फोन लावला. "अविनाश, श्रीरंग गेला रे…" एवढंच ती बोलू शकली. सकाळी कामावर निघताना जिन्यातच छातीत दुखायला लागलं, अँब्युलन्स आली, पण हॉस्पिटल काही गाठता आलं नाही. बावन्न वर्षांचा होता. तो आमच्याच प्लँटमध्ये, दोन इमारती पलीकडे काम करायचा. त्या सकाळी त्याची गाडी पार्किंगमध्ये दिसली नाही, तेव्हा मी मनात म्हटलं होतं, साहेबांनी दांडी मारलेली दिसते… आणि खरं सांगायचं तर जरा बरंही वाटलं होतं. कारण गेले पाच महिने आम्ही एकमेकांशी धड बोललो नव्हतो. दोष माझा होता. तेही लिहिणार आहे, ते टाळून लिहिलेलं श्रीरंगला चाललं नसतं.

वीस वर्षांपूर्वी आम्ही दोघं एकाच महिन्यात आयर्लंडमधल्या कॉर्कला आलो. तो नाशिकचा, मी पुण्याचा. बिशपस्टाउनमध्ये एका घराचा वरचा मजला मिळून भाड्यानं घेतला. दोन खोल्या, एक टेबल, आणि त्या टेबलावर श्रीरंगचा कॉम्प्युटर, त्यामुळे जेवायचं ताट मांडीवर घ्यायचं. त्याला व्हिडिओ गेमचा नाद होता, पण खेळण्यापेक्षा खेळांबद्दल वाचण्यातच त्याचा वेळ जास्त जायचा. एक साइट होती. इथलीच पाच-सहा तरुण मंडळी ती चालवायची. नवा गेम आला की त्यावर ऐसपैस परीक्षण, वर लिहिणाऱ्याचं नाव, खाली वाचकांच्या प्रतिक्रिया. श्रीरंग त्या प्रतिक्रियांत "चिवडा" या नावानं लिहायचा. खातं उघडलं तेव्हा आईनं पाठवलेल्या चिवड्याचा डबा पुढ्यात होता, म्हणून ते नाव. चिवडा म्हणजे काय, असं कुणीतरी विचारलं, तर या पठ्ठ्यानं कढीपत्त्यासकट कृती लिहून दिली. लिमरिकच्या एका बाईंनी करूनही पाहिला. हळूहळू तिथले नेहमीचे वाचक त्याला "युवर मॅन चिवडा", म्हणजे आपला चिवडा, म्हणायला लागले. परक्या गावात आम्हाला नावानं ओळखणारं कुणी नव्हतं त्या दिवसांत त्याला मात्र चारशे अनोळखी माणसं ओळखत होती, आणि याचा मला थोडा हेवा वाटायचा.

पुढे लग्नं झाली, घरं झाली, त्याला ईरा झाली. खेळायला शनिवार सकाळचा एक तास उरला. पण लिहिणं थांबलं नाही. सगळे लोक ग्राफिक्स आणि वेग यावर भांडत असायचे, आणि हा लिहायचा की पडद्यावरची अक्षरं चष्मेवाल्याला वाचता येत नाहीत, किंवा सासूबाई नाशिकहून आल्यात आणि शेजारी बसून त्यांना हा शेतीचा गेम फार आवडला, फक्त शेतकरी दुपारी झोपत का नाही असं त्या विचारतात. मी तेव्हा यातलं काही वाचत नव्हतो. तो सांगायचा आणि मी हो हो करायचो. पन्नाशीकडे झुकलेल्या माणसानं असल्या गोष्टींत एवढा जीव गुंतवावा, हे मला पोरकट वाटायचं. एकदा मात्र माझंही लक्ष वेधून घेणारं काहीतरी झालं. दीपगृह सांभाळायचा एक संथ गेम आला होता. साइटवरच्या एका नव्या पोरानं, तिशीच्या आतलाच असेल, "अर्ध्यावर कंटाळा येतो" असं लिहून त्याला कमी गुण दिले. श्रीरंग खवळला. त्यानं त्या पोराला लांबलचक झापलं. तीन महिन्यांनी गेम पूर्ण खेळून झाल्यावर त्याच्या लक्षात आलं, पोरगा बरोबर होता, अर्ध्यावर खरंच कंटाळा येतो.

आता दुसऱ्या कुणी गुपचूप आपली प्रतिक्रिया काढून टाकली असती. श्रीरंगनं काढली नाही. आमच्या धंद्यात एक शिस्त अंगात मुरवलेली असते. औषधाच्या नोंदीत आकडा चुकला तर तो खोडायचा नाही. व्हाइटनर तर प्लँटच्या दाराशीसुद्धा दिसता कामा नये. चुकीच्या आकड्यावर एकच आडवी रेघ, खालचा आकडा वाचता आला पाहिजे, शेजारी बरोबर आकडा, कारण, सही, तारीख. श्रीरंगनं स्वतःच्या त्या प्रतिक्रियेखाली लिहिलं: "वरचं माझं मत चुकलं. कारण: गेम पूर्ण न खेळता लिहिलं, उतावीळपणा." खाली नाव, तारीख. मला हे त्यानं जेवणाच्या सुट्टीत मोठ्या अभिमानानं सांगितलं होतं, आणि मी म्हटलं होतं, अरे, घरी भाजीत मीठ जास्त पडलं तर तिथेही रेघ मारतोस का? तो म्हणाला, "मृदुलाला विचार. मारतो."

मग ती साइट विकली गेली. एका मोठ्या कंपनीनं घेतली. परीक्षणं आखूड झाली, त्यांची जागा "या आठवड्यातले दहा गेम" असल्या याद्यांनी घेतली, मधे मधे आपोआप वाजणारे व्हिडिओ आले. जुने वाचक चवताळले, शिव्यागाळी सुरू झाली. श्रीरंग त्यात नव्हता. तो म्हणायचा, "अव्या, त्या पोरांनाही घरभाडं आहे. दुकान चालवायचं तर पाटी रंगवावी लागणार. याद्या लिहू देत, व्हिडिओ वाजू देत, मी आवाज बंद करीन." त्याची हरकत एकाच गोष्टीला होती. नव्या मालकांनी जुन्या परीक्षणांवरची लेखकांची नावं काढून तिथे "टीम" असं लिहिलं होतं. काही जुने गुणही बदलले होते, कुठेही न सांगता. आणि लवकरच वाचकांच्या जुन्या प्रतिक्रियाही काढून टाकणार, अशी कुजबुज होती. "बदला ना," तो म्हणायचा, "पण खोडू नका. काय होतं ते दिसू दे." त्यानं साइटला एक पत्र लिहिलं, आणि तेही कसं, तर आमच्या प्लँटमधल्या चुकांच्या अहवालासारखं. काय घडलं, कुणावर परिणाम, मूळ कारण, सुधारणा. चार पानं. उत्तर आलं नाही. त्यानं पुन्हा पाठवलं.

त्याच सुमाराला इथल्या मराठी मंडळींचा गणपती होता, कम्युनिटी हॉलमध्ये. आरती झाली, लोक प्रसादाच्या रांगेत उभे होते, आणि श्रीरंग मला ते पत्र फोनवर वाचून दाखवायला लागला. आजूबाजूचे ऐकत होते. मला कसलीशी लाज वाटली आणि मी मोठ्यानं म्हणालो, "अरे, मेली ती साइट! तू कशाला सुतक पाळतोयस? मोठा हो आता." लोक हसले. श्रीरंगही हसला. फोन खिशात ठेवला आणि म्हणाला, "तू क्वालिटीत आहेस अव्या. निदान तुला तरी कळायला हवं होतं." प्रसाद न घेताच तो गाडीकडे गेला. मी क्वालिटीत आहे, म्हणजे रोज दुसऱ्यांच्या नोंदी तपासून त्यावर सही करणं हेच माझं काम. त्यानंतर पार्किंगमध्ये भेटलो की "ग्रँड?" "ग्रँड.", म्हणजे इथलं "बरं ना? बरं", एवढंच व्हायचं. माफी मागायला मला पाच महिने होते. मी ती मागितली नाही. आज दिवाळीनंतर बघू, उद्या ख्रिसमसनंतर बघू, असं करत राहिलो…

तो गेल्यावर तीन आठवड्यांनी ईराचा फोन आला. सतरा वर्षांची आहे, लीव्हिंग सर्टचं वर्ष, म्हणजे इथली बारावी. मराठी सगळं कळतं, बोलते मात्र कॉर्कच्या इंग्लिशमध्ये. साइटनं जाहीर केलं होतं की महिनाअखेरीला सगळ्या जुन्या प्रतिक्रिया जाणार. बाबांचं लिहिलेलं सगळं तिला हवं होतं, स्मरणसभेत वाटायला एक पुस्तिका करायची होती आणि तिच्यापाशी वेळ नव्हता. "अविकाका, विल यू डू इट?" तिनं विचारलं. मी लगेच हो म्हटलं. इतकं लगेच मी आयुष्यात कशाला हो म्हटलं नसेल. जी माफी मागायची राहिली ती अशी तरी मागता येईल, असं मला वाटलं.

दोन शनिवार-रविवार दुपारभर बसून मी त्याचं सगळं पहिल्यांदा वाचलं. वीस वर्षं जो माणूस शेजारी बसून सांगत होता तो मला तिथे नीट भेटला, आणि मी एकटाच स्वयंपाकघरात बसून हसत होतो, रडत होतो. त्यातलं मी मराठीत करून उतरवून घेत गेलो. पण सगळंच काही गोड नव्हतं. कुठे तो उगाच चिडला होता, कुठे एका शाळकरी मुलाला टोचून बोलला होता, प्लँटमध्ये नोकरकपातीची बातमी होती त्या महिन्यांत तर सगळ्यांवरच डाफरत होता. दीपगृहावरच्या त्या झाडाझडतीच्या पहिल्या दोन ओळी वाचल्या, त्यात घरच्या कुणाला तरी टोमणा दिसला. सभेला मृदुलाच्या माहेरचे येणार. म्हटलं, कशाला? गेलेल्या माणसाचं चांगलं तेच राहू दे. अशा चौदा प्रतिक्रिया मी वगळल्या. पुस्तिका देखणी झाली. महिनाअखेर झाली आणि साइटवरच्या प्रतिक्रिया नाहीशा झाल्या.

सभेत सगळ्यांनी पुस्तिकेचं कौतुक केलं. मृदुलानं ती चाळली, "छान केलंस," म्हणाली आणि मिटून ठेवली. घरच्या माणसाचं वाचताना चेहऱ्यावर काहीतरी उमटतं ना, तसं काही उमटलं नाही. ईरा मात्र कोपऱ्यात बसून पानन् पान वाचत होती. शेवटी माझ्याकडे आली. बोट एका पानावर होतं: "वरचं माझं मत चुकलं." तिनं विचारलं, "काका, व्हेअर इज द वरचं?"

मी म्हटलं, "ते जरा कडक होतं गं. म्हणून…"

"सो नाऊ ही'ज सॉरी फॉर नथिंग, लाइक."

तिच्या आवाजात राग नव्हता, म्हणून जास्त लागलं. नोंदी तपासण्यात माझी हयात गेली. कुणी आमच्या प्लँटमध्ये असं केलं असतं, तर मीच त्याला दारातून परत पाठवलं असतं. आणि ज्या एका गोष्टीसाठी श्रीरंग चार चार पानं लिहीत होता, ती मी त्याच्याच बाबतीत केली. प्रेमापोटी केली, हे खरं आहे, पण त्या कंपनीनंही सांगितलं असतं की वाचकांवरच्या प्रेमापोटीच केलंय.

वगळलेल्या चौदांची प्रत मी ठेवलीच नव्हती. त्या परत मागायला साइटला लिहिलं, ठरीव उत्तर आलं. इंटरनेटवर जिथे जुनी पानं जपून ठेवतात तिथे ईरानं शोधलं, परीक्षणं सापडली, प्रतिक्रिया नाहीत. मग ज्याला श्रीरंगनं झापलं होतं त्या पोराचं नाव शोधून काढलं. साइट विकली गेल्यावर त्याची नोकरी गेली होती. आता तो पार कासलबारला एका शाळेत शिकवतो. त्याला मी संकोचत फोन केला आणि सांगितलं की चिवडा नावाचे एक गृहस्थ होते, ते वारले. चिवडाच ना, असं त्यानं पुन्हा विचारलं. मग म्हणाला, "मी ते परीक्षण लिहिलं तेव्हा नवखा होतो. दोन हजार शब्द लिहिले होते. ते शेवटपर्यंत वाचलेत असा पुरावा मला एकाच माणसानं दिला." त्याच्याकडे प्रतिक्रिया नव्हती, पण तिचा सुरुवातीचा भाग त्याला तोंडपाठ होता. मी एक एक शब्द लिहून घेतला. फोन ठेवताना त्यानं विचारलं, "एक सांगाल? महाबळेश्वर म्हणजे काय? आणि त्या मेहुण्याला पुढे टीव्ही मिळाला का?"

दुसऱ्या दिवशी मी श्रीरंगच्या घरी गेलो. वरच्या मजल्यावर त्याची छोटी खोली आहे. मृदुलानं ती अजून आवरलेली नाही, खुर्चीवर त्याचा स्वेटर तसाच आहे. ती आणि ईरा पलंगाच्या कडेला बसल्या. आधी मी मृदुलाला सांगितलं की चौदा प्रतिक्रिया मी वगळल्या, तेरा कायमच्या गेल्या, चूक माझी. गणपतीत बोललो तेही चुकलं, हेही सांगितलं. जे त्याला सांगायचं ते तिला सांगावं लागलं. मग मी वाचलं: "अरे बाबा, तू दीपगृहात राहायला गेलास आणि तिथे करमत नाही म्हणून तक्रार करतोयस. तू माझ्या मेहुण्यासारखा आहेस. तो महाबळेश्वरला आला, दरीकडे पाठ करून उभा राहिला आणि विचारलं, खोलीत टीव्ही का नाही?"

मृदुलाच्या तोंडून एकदम हसू फुटलं. तो गेल्यापासून पहिल्यांदा, ईरा नंतर म्हणाली. तोंडावर पदर धरून ती हसत राहिली, डोळ्यांतून पाणी येत होतं आणि तरी हसत होती. "दादानं खरंच विचारलं होतं रे! आणि यानं काय करावं? दादाची खुर्ची उचलली, खिडकीपुढे दरीकडे तोंड करून ठेवली आणि म्हणाला, बसा, एकच चॅनेल आहे, पण दिवसभर चालू असतं. दादा दोन दिवस बोलला नाही याच्याशी. मी किती भांडले होते त्यावरून… हा श्रीरंग, अविनाश. त्या पुस्तिकेत होता तो कोण होता मला कळतच नव्हतं."

ईरानं टेबलावरचं पेन माझ्यापुढे केलं. मी पुस्तिकेचं शेवटचं कोरं पान उघडलं. "सावकाश सांग," मी मृदुलाला म्हटलं, "सगळं सांग. त्याला शोभणार नाही तेसुद्धा."