एका वाडीची एकच चावी

१९९८ साली सातवीच्या वर्गाला शिकवताना मी किशोरीला पहिल्यांदा नीट पाहिलं. भूमितीची वही ती मागेल त्याला द्यायची. दप्तरातली दुसरी, लहान वही मी सहज उचलली, तर माझा हात धरून म्हणाली, "बाई, ही नको. बाबांच्यो जागा आसत ह्येच्यात." तिचे वडील सहदेव गरीने, म्हणजे गळ टाकून, तांबोशी मासे धरत. देवळाचा कळस आणि डोंगरावरचा एकटा माड एका रेषेत आले की खाली खडक आणि खडकाशी मासळी, अशा खुणा ते सांगत आणि ती लिहून घेई.

दहा वर्षांनी ती संगणक शिकून आमच्या वाडीच्या मच्छीमार संस्थेत लागली. तिथे तिने एपीआय केला. "दुसऱ्याच्या संगणकाने आपल्या संगणकाला प्रश्न विचारायची खिडकी, बाई," तिने मला सांगितलं. एक खिडकी सगळ्यांना उघडी. कसालच्या विक्रेत्यानेही बंदरावरचा भाव विचारावा. दुसरी खासगी. तिच्यात मासळीच्या जागा, आणि त्या फक्त सभासदांना, चावी म्हणजे गुप्त शब्द दिल्यावरच. प्रत्येकाची चावी वेगळी हवी, म्हणजे कोण काय विचारतो ते कळेल आणि गैरवापर झाला तर त्या एकट्याची बंद करता येईल, असं तिचं म्हणणं.

अध्यक्ष भिकाजी हसले. "एका वाडीतली माणसा आमी. येगळी कुलपां कित्याक? एकच चावी ठेव."

तिने ठेवली. ती तिची चूक. "तुझ्या शब्दार देतंय हां," म्हणत सहदेवांनीही आपला खडक नोंदवला.

एका दुपारी त्या चावीने तीनशे वेळा जागा विचारल्या गेल्या. कोणी, ते कळेना. आठवड्याच्या आत मोठ्या जाळ्यांच्या परक्या नौकांनी खडकाभोवतीचं पाणी खरवडून नेलं. विकली न जाणारी बोटभर पिल्लं किनाऱ्यावर फेकलेली होती. त्यांच्यावर माश्या घोंगावत होत्या.

संस्थेच्या सभेत भिकाजी पान चघळत म्हणाले, "चावी मीच जावयाक दिलंय गो. तो काय परको?" जावई त्याच परक्या नौकांची मासळी विकणारा दलाल.

लोक हसले. कुजलेल्या पिल्लांच्या वासापेक्षा मला त्या हसण्याची जास्त किळस आली.

किशोरी उठली आणि तिने ती चावी सगळ्यांसाठीच बंद केली. वेगळ्या चाव्या दिल्याशिवाय खिडकी उघडणार नाही, म्हणाली. तिला कामावरून काढलं. जावई पुढच्या सभेला अध्यक्षांशेजारी खुर्ची टाकून बसला. सहदेवांनी ती लहान वही लेकीकडून परत मागून घेतली.

आता ती कसालच्या एका रक्ततपासणी केंद्रात संगणक सांभाळते. तिथे नऊ माणसांना नऊ चाव्या आहेत.