बावीस, तेवीस आणि ताणली जाणारी दोरी

आहेर साहेबांनी कॅराबिनर उजेडाकडे धरला, चष्मा वर केला आणि म्हणाले, "हे बावीस हाय. आमच्या नियमात तेवीस."

सातपूरच्या एका कारखान्यात आम्ही फांदी उतरवायला सकाळपासून रेन ट्रीच्या झाडाखाली उभे होतो. वादळात पिरगळलेली फांदी कँटीनच्या पत्र्यावर लोंबत होती. तिच्याखालून लोक जेवायला जात होते. आणि कारखान्याचे सेफ्टी ऑफिसर आहेर साहेब एका आकड्यावर अडून बसलेले.

कॅराबिनर म्हणजे दोरी आणि कमरेचा पट्टा जोडणारी कडी. ती किती ताणाला तुटेल, ते तिच्यावर केएनमध्ये कोरलेलं असतं. एक केएन म्हणजे साधारण शंभर किलोचा भार. बावीसच्या कडीला माझ्यासारखी तीसेक माणसं लटकतील. साहेबांना एक केएन कमी पडत होता.

कड्या प्रमोददादांच्या. दादा आमचे मालक. तरुणपणी त्र्यंबककडचे सुळके चढलेले, त्यामुळे सगळं सामान डोंगरकडे चढण्यासाठीचं. मी दोडामार्गचा. आठवीत शाळा सुटली, माडावर चढण्यापलीकडे काही येत नव्हतं. नाशकात कुणी ओळखीचं नसताना दादांनी काम दिलं, घरावरची खोली दिली. त्यांच्यासमोर माझं तोंड उघडत नाही.

दादा चिडले. म्हणे, याच कड्यांवर मी आख्खा जन्म काढला. साहेब म्हणे, झाडाचा नियम वेगळा, फांदी घासली तरी उघडू नये म्हणून कडीला आपोआप बसणारं लॉकही पाहिजे. ते बरोबरच होतं. दादा गाडी काढून गेले आणि दुपारी लॉकवाल्या कड्या घेऊन आले, आकडा चांगला मोठा. साहेबांनी तो वाचला आणि सही केली. दोरीवर मात्र असा आकडाच नव्हता. ती पडणाऱ्या माणसाला किती वेळा झेलेल, तेवढंच लिहिलेलं. मग दोरीचं कुणी विचारलं नाही.

मी वर गेलो. फांदीवरून पाय सोडला आणि दीड हात खाली आलो. माझ्या वजनानं दोरी ताणली गेली होती. फांदीला धरलं की वर, सोडलं की खाली. करवत चालू असती तर फांदीआधी माझी मांडी कापली गेली असती.

खाली उतरलो. खोली गेली असं धरूनच बोललो.

"दादा, या दोरीवर मी करवत चालवणार नाही."

"याच दोरीनं मला दोनदा झेललंय. तू मला शिकवतो?"

"तुम्हाला ती पडल्यावर धक्का न देता झेलायला होती. मला तिच्यावर बसून काम करायचंय."

"आता कडी पास हाय ना?" आहेर साहेब म्हणाले. "मग चढ की बाबा."

दादांनी माझा पट्टा काढून स्वतः बांधला. वर गेले, पाय सोडला, खाली-वर झाले. पुन्हा फांदी धरली, पुन्हा सोडली. चहाला आलेली माणसं कप हातात घेऊन बघत राहिली. दादा उतरले, दोरी गुंडाळली आणि एवढंच म्हणाले, "साहेब, कँटीनचं दार बंद करा. आज काम नाही."

न ताणली जाणारी दोरी आल्यावर फांदी उतरवली. या दोरीवर आकडा होता, साहेबांनी तोही वाचला. तेवीसच्या वर निघाला, खूश झाले.

वस्तू कधी तुटेल, ते आकडा सांगतो. ती न तुटता माणूस कसा मरेल, ते सांगत नाही.

जुनी दोरी दादांनी फेकली नाही. माझ्या खोलीबाहेर कपडे वाळत घालायला बांधून दिली. ओली चादर टाकली की जमिनीला टेकते.