वन्समोअर

पुंडलिकनगरातल्या माझ्या झेरॉक्सच्या दुकानात ती नोट्सच्या प्रती काढायला येते. तमाशाचा फड सोडून वकिली शिकतेय. मशीन चालू असेपर्यंत कलमं पुटपुटते आणि पायानं ठेका धरते. ठेका चुकला की कलम पुन्हा पहिल्यापासून. आधी मला त्या टकटकीचा वैताग यायचा.

काल हसतच आली. कॉलेजातल्या सरावाच्या खटल्यात जज झालेले सर म्हणाले, "परत सांगा." हिला वाटलं, वन्समोअर मिळाला! हिनं झुकून मुजरा केला आणि अख्खा युक्तिवाद दुप्पट जोरात पुन्हा केला.

"पोरं हसली असतील," मी म्हणालो.

"लई हसली. सरांना नुसतं ऐकू आलं नव्हतं, भाऊ. पण दुसऱ्यांदा सगळे गप्प बसले." तिनं प्रती उचलल्या. "फडात लोक मला बघायचे. आज पहिल्यांदा मला ऐकलं."