रडायचं तर पाच मिनिटांनी

आपा रडायलाही वेळ ठरवून देत. लातूरच्या एका डोळ्यांच्या दवाखान्यात डॉक्टरांच्या हाताखाली त्यांची वीस वर्षं गेली होती. खरं नाव फार थोड्यांना ठाऊक. सगळे म्हणत थेंबवाल्या आपा. भूकंपानंतरचे ते महिने. बाकावर बसलेलं कुणीही, कधीही रडू लागायचं. आपा डोळ्यात थेंब टाकत, नाकाजवळचा कोपरा बोटानं दाबून धरत आणि म्हणत, "दवा आत जाऊ दे. रडायचं तर पाच मिनिटांनी रड, मी बी बसते संगं." नवख्या माणसाला हा दुष्टपणा वाटे. मलाही वाटला.

माझी आई भूकंपात गेली. बाबा गावी पत्र्याच्या शेडमध्ये राहिले आणि मला त्यांनी लातूरला मावशीकडे ठेवून बारावीच्या क्लासला घातलं. दिवाळीत मी गावी गेले, तर सोयाबीनच्या मळणीत भुसा उडून उजव्या डोळ्यात गेला. मी चोळला. बुबुळावर जखम झाली आणि चिघळली. डॉक्टर म्हणाले, "थेंब नीट पडले नाहीत तर डाग मधोमध राहील. मग या डोळ्यानं वाचता येणार नाही." दोन बाटल्या, दर तासाला. शिवाय रोज दुपारी दवाखान्यात दाखवायला यायचं.

मी मोठी शहाणी! क्लासच्या दिवसांत मिनिट वाया घालवणं म्हणजे पाप. दोन्ही बाटल्यांतले थेंब मी एकामागोमाग डोळ्यात ओतायची आणि लगेच पुस्तक उघडायची. आठवडा झाला तरी जखम जिथल्या तिथं. एके दुपारी आपा म्हणाल्या, "माझ्यासमोर टाक बरं." मी टाकले. औषध गालावरून हनुवटीपर्यंत आलं.

"गाल बरा करायलीस का डोळा?" आपा म्हणाल्या. "डोळ्यात धड एक थेंब मावत न्हाई. दुसरा लगेच टाकला की पहिल्याला धुऊन नेतो. उरलेलं नाकातून घशात. कडू लागत नव्हतं का?"

लागत होतं. मला वाटायचं, औषध लागू पडतंय.

औषध बुबुळावरच्या काचेसारख्या पडद्यातून आत कसं जातं, हे त्या दिवशी आपांनी सांगितलं तसं आमच्या क्लासच्या सरांनाही जमलं नसतं. "वरची साल तेलकट, मधला थर पाण्याचा, आतला पापुद्रा फिरून तेलकट. नुसतं पाणचट औषध पहिल्या दारात अडतं, नुसतं तेलकट दुसऱ्यात. ज्याला दोन्ही घरी नांदता येतं तेच आत पोचतं, अन् त्यालाबी वेळ लागतो. तुझी तर वरची साल फुटली हाय, दार उघडंच हाय. तू जरा डोळा मिट की!"

आपा आता नाहीत. हदगावच्या माझ्या डोळ्यांच्या दवाखान्यात दोन थेंबांमध्ये थांबवलं की एसटी चुकेल म्हणून पेशंट कुरकुरतात, तेव्हा ही तीन दारं मी आपांच्याच शब्दांत सांगते आणि त्यांना बसवून ठेवते.

डोळा मिटता येत नव्हता, हेच तर माझं दुखणं होतं. मिटला की आमचं पडलेलं घर दिसायचं, आणि त्याखाली आई. हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. आपांना सांगून टाकलं. त्यांनी बाटली उघडली. थेंब टाकला, कोपरा दाबला, दुसऱ्या हातानं माझा हात धरला. "आता तुझ्या पुस्तकातलं बोल. मला समजंना का, तू बोल."

मी डोळे मिटून हृदयाचे कप्पे सांगितले. दुसऱ्या बाटलीच्या वेळी रक्ताभिसरण. आवाज कापू लागला की आपा दटावत, "आत्ता न्हाई." रोज दुपारी हेच, घरी हात धरायला मावशी बसू लागली. पाच मिनिटं संपेपर्यंत पुढचा धडा आलेला असे आणि रडणं राहून जाई.

महिन्याभरानं जखम भरली. डाग राहिला, पण लहानसा आणि कडेला. डॉक्टरांनी औषध बंद केलं. मी निघाले, तर आपांनी मला पुन्हा बाकावर बसवलं. सवयीनं मी मान वर केली.

"आज दवा न्हाई, बेटा. आता रड."

आईसाठी मी पहिल्यांदा रडले ती त्या बाकावर, भर दुपारी, सगळ्या पेशंटांदेखत. आपा कबूल केल्याप्रमाणे शेजारी बसून होत्या. बऱ्याच वेळानं त्यांनी मला डावा डोळा झाकायला लावला आणि समोरच्या तक्त्याकडे बोट केलं. "खालची ओळ वाच."

मी वाचली, एकही अक्षर न अडखळता. ती बरोबर आली की चूक, हे आपांना काही दिसलं नसणार. त्या पदरानं डोळे पुसत होत्या.