अण्णांचा रंधा पनवेलला

मिरजेहून निघताना पिशवीत दोनच गोष्टी जपून ठेवल्या होत्या: लेकीसाठी चकल्या आणि माझ्या वडिलांचा, अण्णांचा, रंधा. माझं माहेर सुतार, सासरही सुतार; पण मी टपाल खात्यात खपले आणि नवऱ्याने जन्मभर भूगोल शिकवला. अण्णा जाताना म्हणाले होते, "रंधा भंगारात नको. सुताराच्या हातात दे." त्याला बारा वर्षं झाली. आमच्या भावकीत आता सगळ्यांकडे यंत्रं आहेत. पनवेलजवळ सुकापूरला राहणारी लेक म्हणाली, पनवेलात सुतार नावाच्या पाट्या पुष्कळ दिसतात, घेऊन ये.

दुसऱ्या दिवशी एसटी स्टँडपासून मायलेकी पाट्या वाचत हिंडलो. पहिल्या सुतारांचं औषधांचं दुकान निघालं. दुसऱ्या सुतारबाई वकील. त्यांनी चहा पाजला, रंधा न्याहाळला आणि ऑफिसात शोभेला ठेवू का, असं विचारलं. छे! शोभेलाच ठेवायचा तर माझं कपाट काय वाईट होतं? तिसरे दातांचे डॉक्टर. अवजारं त्यांच्याकडेही होती म्हणा! ऊन डोक्यावर आलं, त्यात चपलेचा अंगठा तुटला आणि मला रडूच फुटलं.

रिक्षावाल्याने सगळं ऐकून घेतलं. म्हणाला, उलव्याला खाडीकाठी एकजण होड्यांचं लाकूडकाम अजून हाताने करतो, पण तो सुतार नाही. म्हटलं, चला तर खरं.

दोन्ही बाजूंना अर्धवट इमारती, क्रेन, धूळ. आणि वळणावर अचानक खाडी. पालथ्या होडीशेजारी पन्नाशीचा एक माणूस फळी तासत होता. आडनाव तांडेल (होडीवरचा म्होरक्या). मी विचारलं, मग समुद्रावर कसे नाही गेलात?

"आडनाव तांडेल हाय, पन मला बोट लागते," तो शांतपणे म्हणाला.

त्याने रंधा उलटा करून पातं नखाने खरवडलं. दर दसऱ्याला मी त्यावर हळदकुंकू वाहत आले होते. खाली सगळा गंज.

"ताई, तुमी पूजा केलीत, पन धार नाय लावलीत."

मी ओशाळले. बारा दसरे! तो पातं काढून दगडावर घासत बसला. तोवर त्याच्या बायकोने तांदळाची भाकरी आणि जवला (बारीक सुकी कोळंबी) वाढला. मी दुसरी भाकरी मागून घेतली.

मग रंधा फळीवरून सरकला. लहानपणी मी याच आवाजाने जागी व्हायचे. लाकडाची कुरळी साल त्याच्या पायाशी पडली आणि माझा जीव भांड्यात पडला. अण्णांना हवा होता तो हात हाच, आडनाव काही का असेना. रंधा तिथेच ठेवला. दसऱ्याला हळदकुंकू वाहा, एवढं मात्र बजावलं.

"वाहीन," तो म्हणाला, "पन दुसऱ्या दिवशी पुसून कामाला लावीन."

मिरजेला परतले. रिकामी पिशवी पाहून नवऱ्याने विचारलं, रंधा कुठाय?

"कामावर गेलाय," मी म्हटलं.