काकांचा आरसा भिंतीला घासतो

मंडळी, घरी आल्या आल्या लिहून टाकते.

वारज्यात टेकडीला खेटून एक सोसायटी आहे. पार्किंगमागे टेकडीची माती अडवणारी उंच भिंत. ती टिकेल का, हे सांगायचं काम माझं. कॉम्प्युटरवर तिचं मॉडेल केलं, माती आणि पाण्याचा दाब घातला. उत्तर आलं, सुरक्षित.

आज दुपारी प्रत्यक्ष बघायला गेले. आठवडाभर पाऊस, तरी भिंत कोरडी ठणठणीत.

सेक्रेटरी काका खुशीत. "अहो मॅडम, पाणी गळायची ती भोकं आपण सिमेंटने बुजवून टाकली. गाड्या घाण व्हायच्या."

माझ्या मॉडेलमध्ये ती भोकं उघडी होती, मागचं पाणी वाहून जात होतं.

तिथेच लॅपटॉप काढला, मॉडेलमधली भोकं बंद केली, पुन्हा चालवलं. स्क्रीनवर काकांच्या गाडीशेजारची भिंत लालभडक. म्हणजे तिथे ती फुगून पुढे येणार.

मी काही बोलायच्या आत काका म्हणाले, "इथे हल्ली आरसा घासतो हो. वय झालं, गाडी नीट लागत नाही."

मी खाली वाकून पाहिलं. चाकं पांढऱ्या पट्ट्याच्या बरोब्बर आत होती.

गाड्या लगेच हलवायला लावल्या. पण घरी आल्यापासून एकच विचारावंसं वाटतंय: तुमच्यापैकी कुणाचा आरसा घासतोय का हल्ली?