जावयानं ओतून दिलेलं मिठाचं पाणी

मंडळी, डोकं तापलंय, म्हणून लिहून राहिलो.

उमरेडची माझी मोठी बहीण आज वर्षभरानं जेवायला आली. फोनवर तिनं एकच मागितलं होतं, "तुह्या हातचा धुरातला मासा खाऊ घाल गा."

म्हणून सकाळीच रोहूचे तुकडे मिठाच्या पाण्यात बुडवले. पाणी असं खारं, की कच्चा बटाटा वर तरंगावा. त्यात मासा चार तास मुरला की घट्ट होतो. मग पुसायचा, पंख्याखाली सुकवायचा आणि पत्र्याच्या डब्यात आंब्याच्या लाकडाचा धूर द्यायचा.

मी भाजी आणायला सक्करदऱ्याच्या बाजारात गेलो. तेवढ्यात लेकीसोबत जेवायला आलेल्या आमच्या जावयांनी ते पाणी मोरीत ओतलं, तुकडे नळाखाली धुतले आणि ओलेच धुरावर चढवले. वर मलाच सांगतात, "मामाजी, सारे खारट होऊन राहिले होते. वाचवले मी."

अर्धे तुकडे फुटून जाळीतून निखाऱ्यात पडले. मी तोंड उघडणार, तर लेकीनं डोळे वटारले.

जेवताना बहीण म्हणाली, "मीठ घालाले काहून इसरला गा? म्हातारा झाला तू."

जावई शेजारीच ताटात मान घालून बसले होते.

"हो बाई, इसरलो," मी म्हणालो.

पोराचा कान धरता येतो, जावयाचा नाही. पण जावई पाहुणा असेल, तर त्यानं माझ्या भांड्यात हात घालावाच कशाला?

बहीण पुढच्या रविवारी पुन्हा येणार आहे, जावईही येणार आहेत. मिठाच्या पाण्याचं पातेलं कुठं लपवू, तेवढं सांगा.